सहअर्जदार

बँकेच्या काचेच्या दारापाशी पोहोचेपर्यंत फ्लॉसी रुमावने डोळ्यांतलं पाणी कसंबसं आवरलं होतं. आणि नेमकं तेव्हाच दाराशेजारच्या टेबलामागून कोणीतरी आर्जवाने म्हणालं, "मॅडम, क्रेडिट कार्ड घेणार का? पहिल्या वर्षी फी नाही."

ती थांबली. टेबलावर निळं कापड, कापडावर फॉर्मांचा गठ्ठा, आणि गठ्ठ्यामागे पांढऱ्या शर्टातला एक सावळा, उंच तरुण. शर्टाला कडक इस्त्री, टाय मात्र वाकडा.

"माझा फॉर्म भरलात तर तुमची नोकरी जाईल," फ्लॉसी म्हणाली.

"इतकं काय केलंत तुम्ही?"

"आत म्हात्रे साहेबांना विचारा. आत्ताच कॉम्प्युटरवर बघून सांगितलं त्यांनी. मी म्हणे कर्ज देण्याच्या लायकीची नाही."

तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. त्याने टेबलाखालून प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि तिच्यापुढे ठेवली.

"म्हात्रे साहेब लायकी म्हणाले नसतील. ते आकडा म्हणाले असतील, कर्जफेडीच्या इतिहासाचा. किती आहे?"

"पाचशे चाळीस."

"हं..." त्याने ओठ दुमडले. "आजारी आहे. पण मेलेला नाही."

तेवढ्या एका वाक्यावर फ्लॉसी खुर्चीत बसली. दोन हजार आठच्या फेब्रुवारीतली ती दुपार. बाहेर वसईच्या पारनाक्यावर भाजीवाल्या बायका टोपल्या आवरत होत्या, आणि आत हा अनोळखी माणूस तिच्याकडे असा बघत होता की जणू तिने काही वाईट केलेलंच नाही.

त्याचं नाव सुमेध खरात. मूळ कऱ्हाडचा, विरारला भाड्याच्या खोलीत राहणारा. बँकेचा पक्का नोकर नव्हता तो. एका एजन्सीतर्फे कार्डं विकायचा.

आणि फ्लॉसीची गोष्ट अशी, की ती गिरीजची, वालीवच्या एका पंखे बनवणाऱ्या कारखान्यात हिशेबनीस, सत्तावीस वर्षांची. वडील लवकर गेले. पाच वर्षांपूर्वी थोरला भाऊ आग्नेल म्हणाला, "लग्नांच्या व्हिडिओचा धंदा काढतोय. तुझा पगार आहे, तुला कार्ड मिळेल. सही तर करायचीय." तिने सही केली. कॅमेरा आला, दिवे आले, दुसरा कॅमेरा आला. मग एक दिवस आग्नेल कुवेतला गेला आणि कार्डाचे हप्ते गिरीजलाच राहिले. वसुलीची माणसं घराच्या ओटीवर येऊन बसायची. शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिचं नाव घ्यायची. एके दिवशी तिची आई लूर्डस आतून आली, हातातल्या बांगड्या काढून फ्लॉसीच्या ओंजळीत ठेवल्या, आणि पुन्हा आत गेली. बांगड्यांचे अडतीस हजार आले. देणं होतं एकाहत्तर. तेवढ्यावर बँकेने प्रकरण मिटवलं. फ्लॉसीला वाटलं, मिटलं.

आता आग्नेलचं लग्न ठरलं होतं. गिरीजचं घर त्याच्या नावावर, आणि त्याने फोनवर सांगितलं होतं की दोन वर्षांत बायकोला घेऊन कायमचा येतो. आईला घेऊन आपलं एखादं वन-रूम-किचन करावं, म्हणून फ्लॉसी कर्ज मागायला आली होती.

सुमेधने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही घड्याळ बघितलं नाही.

"म्हणजे तुमच्या नावापुढे 'सेटल्ड' असा शेरा आहे," तो म्हणाला. "पूर्ण न फेडता तडजोड केली, असं त्याचं भाषांतर. तो शेरा पुसता येत नाही. पण त्याच्यावर चांगली नोंद चढवता येते. दर महिन्याला एक."

"कशी?"

"कार्ड घेऊन."

ती उठायलाच लागली. "तुम्हाला तुमचं टार्गेट पुरं करायचंय."

"ते तर आहेच," तो सरळ म्हणाला. "या महिन्यात अजून सहा कमी आहेत. पण तुम्ही बसा. दहा हजारांची मुदत ठेव ठेवा. त्या ठेवीवर बँक आठ हजारांचं कार्ड देते. पैसे आधीच त्यांच्याकडे असतात, त्यामुळे तुमचा आकडा कोणी विचारत नाही. वापरायचं थोडं, फेडायचं पूर्ण, तारखेच्या आधी. दीड वर्ष. म्हात्रे साहेब स्वतः तुम्हाला चहा पाजतील."

"आणि नाही पाजला तर?"

"तर मी पाजेन," सुमेध म्हणाला. मग आपण जरा जास्तच बोललो असं वाटून तो फॉर्म नीट करू लागला... फॉर्म आधीच नीट होते.

आठ दिवस फ्लॉसीने कोणाला काही सांगितलं नाही. नवव्या दिवशी आपला बोनस आणि आईने वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी विकून साठवलेले चार हजार घेऊन ती पारनाक्यावर आली. टाय त्या दिवशीही वाकडाच होता.

कार्ड आलं, पहिलं स्टेटमेंट आलं, आणि ते वाचायला ती त्याच्याकडेच गेली. बँकेत गर्दी होती, म्हणून दोघं समोरच्या बेकरीत बसली. भट्टीतून नुकत्या निघालेल्या पावांचा वास सगळीकडे भरून राहिला होता. सुमेधने कागद टेबलावर पसरला आणि त्यावरच्या एका ओळीवर आपला तळवा ठेवला.

"ही ओळ तुम्ही वाचायचीच नाही."

"काय आहे तिथे?"

"किमान देय रक्कम. दोनशे रुपये भरा आणि निवांत झोपा, असं सांगते ती. बाकीच्यावर व्याज चढत राहतं आणि माणसाला वाटतं, आपण फेडतोय. तुमच्या भावाने हेच केलं असणार."

"हात काढा. मला बघू तरी दे... द्या."

"नाही काढणार."

तिने त्याचं बोट धरून हात बाजूला केला. बोट सोडायचं मात्र राहिलं. बेकरीवाल्याने दोन खारी आणून ठेवल्या, तेव्हा दोघांनी एकदमच त्या उचलल्या.

पुढे दर महिन्याचा हा नेमच झाला. आठ तारखेला स्टेटमेंट यायचं. बारा तारखेला ती चेक टाकायची. कार्डावर फक्त किराणा आणि फोनचं बिल, आणि काही झालं तरी दोन-अडीच हजारांच्या वर नाही, कारण मर्यादेच्या जवळ जाणारा माणूस बँकेला घायकुतीला आलेला वाटतो, असं सुमेध सांगायचा. दुसऱ्या बँकेत उगाच अर्ज करायचा नाही. प्रत्येक चौकशीची नोंद होते. कार्डावरून रोख रक्कम तर मेलं तरी काढायची नाही, तिला पहिल्या दिवसापासून व्याज.

"आणि तुमचं स्टेटमेंट?" एकदा फ्लॉसीने विचारलं. "माझं सगळं बघता. मी किती साबण घेतले तेसुद्धा तुम्हाला ठाऊक. तुमचं कधी दाखवत नाही."

"मी कार्ड विकतो. मिठाईवाल्याला गोड खाताना बघितलंय कधी?"

ती हसली. त्याचं सगळंच तिला हसू आणायचं तेव्हा. वालीवहून परतताना कंपनीच्या बसमध्ये ती मनातल्या मनात त्याची वाक्यं पुन्हा ऐकायची, आणि शेजारची ग्रेसी कोपराने ढोसून विचारायची, "काय गं, कोण आहे?"

"आठ तारीख आहे," फ्लॉसी म्हणायची. ग्रेसीला काही कळायचं नाही.

जुलैत तिला मलेरिया झाला. सतरा दिवस ती अंथरुणात होती. वाडीत केळीच्या पानांवर पाऊस वाजत राहायचा, तापात तो आवाज डोक्यात घुमायचा, आणि तारीख कधी उलटली ते तिला कळलंच नाही. शुद्धीवर आली तेव्हा तिने पहिली गोष्ट विचारली, "आई, आज किती?"

"सत्तावीस."

फेडायची शेवटची तारीख सव्वीस होती. फ्लॉसी भिंतीकडे तोंड करून रडू लागली. पाच महिने जपलेलं... एका तापात गेलं.

त्याच दिवशी दुपारी मोटरसायकलचा आवाज आला. सुमेध ओटीवर उभा होता, नखशिखांत भिजलेला, आणि रेनकोटच्या आत प्लास्टिकच्या पिशवीत त्याने एक पावती आणली होती. एक हजार आठशे साठ रुपये, तारीख पंचवीस, पूर्ण भरणा.

"बारा तारखेला चेक आला नाही," तो म्हणाला. "वीसला कारखान्यात फोन केला. ग्रेसी म्हणून कोणी होती, ती म्हणाली आजारी आहे. मग काय... भरून टाकले."

"तुम्ही? स्वतःच्या खिशातून?"

"बरी झालीस की दे." तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता, आणि ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं. फ्लॉसीच्या आलं.

आईने त्याला टॉवेल दिला, चहा दिला, आणि तो गेल्यावर घरच्या बोलीत एवढंच म्हणाली की, पोराच्या बुटांत पाणी होतं गं, बोलला नाही तो. फ्लॉसीने ती पावती आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली. इतकी वर्षं ज्यांनी ज्यांनी तिच्या नावाला हात लावला त्यांनी ते खराबच केलं होतं. हा पहिलाच, ज्याने ते जपलं.

डिसेंबरात राजोडीच्या किनाऱ्यावर त्याने तिला विचारलं. वाळूत सुकत घातलेल्या बोंबलांचा वास, सुरूच्या झाडांतून येणारा वारा, आणि सहलीला आलेल्या कोणाच्या तरी पोरांचा दंगा. अशा ठिकाणी कोणी विचारतं का, असं ती नंतर त्याला म्हणाली. तोवर त्याची नोकरी बदलली होती. त्या दिवाळीत बँकांनी कार्डं वाटणं आवरतं घेतलं, दारातली टेबलं उचलली गेली, आणि सुमेध स्टेशनजवळ एका मोबाइलच्या दुकानात लागला होता.

"पगार कमी झालाय माझा," तो म्हणाला. "ते आधी सांगतो. आणि मी तुमच्या धर्माचा नाही. तेही तुला माहीत आहे."

"अजून काही?"

तो समुद्राकडे बघत राहिला. ओठ हलले, असं तिला वाटलं.

"अजून... तू मला आवडतेस. खूप दिवसांपासून. टार्गेटच्या आधीपासून."

"खोटं. तेव्हा सहा कमी होते तुला."

"तुझा फॉर्म भरूनही सहाच धरले. तुला मी मोजलं नव्हतं."

ती वाळूत बोटाने रेघोट्या ओढत राहिली आणि मग म्हणाली, "मला एकच हवंय, सुमेध. पैसे कमी असले तर चालेल. पण माझ्यापासून लपवू नकोस. आग्नेलने मागितले असते तर मी दिले असते. त्याने मला बघू दिलं नाही, त्याचं मला लागलं."

"नाही लपवणार," तो म्हणाला.

आईला पटवायला चार महिने लागले. आई फादरांकडे जाऊन आली, मामाकडे जाऊन आली, आणि शेवटी म्हणाली, पावसात आलेलं पोर आहे, येऊ दे. तोवर फ्लॉसीचा आकडा सातशेच्या वर गेला होता. म्हात्रे साहेबांनी खरोखरच चहा मागवला. माणिकपूरला एका नव्या इमारतीत एक फ्लॅट दोघांनी बघून ठेवला: दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि बाल्कनीतून दिसणारी दोन नारळाची झाडं. किंमत अकरा लाख.

"तुमच्या एकटीच्या पगारावर सहाच मिळतील," म्हात्रे साहेब म्हणाले. "लग्न करताय ना? त्यांना सहअर्जदार करा. दोघांचं मिळून बसेल."

फ्लॉसीने फॉर्म सुमेधपुढे ठेवला, तेव्हा तो म्हणाला, "माझं नाव नको. घर तुझ्या एकटीच्या नावावर असू दे."

तिला भरून आलं. गिरीजचं घर भावाच्या नावावर, आणि इथे हा माणूस म्हणतोय, तुझ्या एकटीच्या.

"अरे, पण बसत नाही ना कर्ज."

"लहान घेऊ."

"आई कुठे झोपेल? सही कर."

"फ्लॉसी..."

"सही तर करायचीय," ती हसून म्हणाली, आणि हेच शब्द आपण कुठे ऐकलेत ते तिला त्या क्षणी आठवलंसुद्धा नाही. त्याने सही केली. पेनाचं टोपण लावायचं सोडून तो आपलं नावच बघत बसला. तिला वाटलं, आनंदाने.

दहा दिवसांनी म्हात्रे साहेबांनी कारखान्यात फोन केला. संध्याकाळी ती बँकेत गेली तेव्हा साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"अर्ज नामंजूर झालाय."

"माझा आकडा...?"

"तुमचा उत्तम आहे. तुमच्यात काही खोट नाही. सहअर्जदाराची पाच खाती आहेत. पाचही वाईट. याहून जास्त मला सांगता येत नाही, पोरी. त्यांनाच विचार."

ती मोबाइलच्या दुकानापर्यंत चालत गेली. सुमेध एका गिऱ्हाइकाला फोनचं कव्हर दाखवत होता. तिचा चेहरा बघून त्याने ते कव्हर खाली ठेवलं, आणि गिऱ्हाइकाला काही न सांगता बाहेर आला.

"किती?" तिने विचारलं.

त्याने रस्त्याकडे बघितलं. "शेअर्समध्ये घातले होते. कार्डावरून काढून. सगळेच घालत होते तेव्हा. दोन हजार आठच्या जानेवारीत बाजार पडला... तू बँकेत आलीस त्याच्या आदल्याच महिन्यात."

"म्हणजे मी भेटले तेव्हापासून?"

"हो."

"आणि मला सांगत होतास, ही ओळ वाचायची नाही."

"मी तीच ओळ भरत होतो," सुमेध म्हणाला. "दर महिन्याला. मग तीसुद्धा जमेना. तुला शिकवताना वाटायचं, या महिन्यापासून आपणही असंच करू. खरंच वाटायचं गं. तुझा कागद बघून घरी जायचो आणि माझं पाकीट न फोडता गादीखाली सारायचो."

त्यांच्यापुढून रिक्षा जात होत्या. त्याच्याशी भांडायचं सोडून तिला भलतंच काहीतरी आठवलं.

"जुलैतले अठराशे साठ? ते कुठून आणलेस?"

तो दुकानाच्या पाटीकडे बघू लागला.

"सुमेध."

"कार्डावरून काढले. रोख. एकच कार्ड चालू होतं, त्याच्यावरून."

मेलं तरी काढायचे नाहीत, असं सांगितलेले पैसे. तिने ऑगस्टात त्याला ते परत दिले होते, नव्या नोटा, पाकिटात घालून. "मी दिलेले तरी कार्डात भरलेस का?"

"भाडं द्यायचं होतं."

रागावणं सोपं गेलं असतं. पण तो पावसातून आला होता हेही खरं होतं, आणि बुटांत पाणी होतं हेही. फ्लॉसी दुकानाच्या पायरीवर बसली.

"एक संधी दे," तो तिच्यासमोर उकिडवा बसून म्हणाला. "तुझं दीड वर्षात झालं. मी दोन वर्षांत करेन. लग्न पुढे ढकलू."

तिने खांद्यावरची पर्स मांडीवर ओढली. मग म्हणाली, "रविवारी घरी ये. सगळे कागद घेऊन ये. प्रत्येक कागद. आपण बसून लिहू, काय आधी फेडायचं, काय नंतर. मला रकमेची भीती नाही वाटत, सुमेध. आणशील?"

"आणेन."

"सगळे?"

"सगळे, फ्लॉसी."

त्या चार दिवसांत ती खरोखर आशेवर होती. लहान घर घेऊ, दोन वर्षं थांबू, दोघांच्या पगारातून महिन्याला किती बाजूला पडेल, याचं गणित तिने कारखान्याच्या रद्दी कागदांवर तीनदा केलं, आणि तिन्ही वेळा ते जमत होतं.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटपून ती आणि आई घरी आल्या, तेव्हा तो ओटीवर बसलेला होता. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. अंगणात आईने शेवटची सुकेळी उन्हात घातली होती, त्यांचा गोड वास दुपारभर येत होता. आई मुद्दाम मागच्या वाडीत निघून गेली. फ्लॉसीने चटई टाकली, वही घेतली. सुमेधने पिशवीतून कागद काढले आणि एकेक करून तिच्यापुढे मांडले. पहिल्या कार्डाचे चौपन्न हजार. दुसऱ्याचे एकतीस. तिसऱ्याचे अठरा. प्रत्येक कागद ठेवताना तो थोडा मोकळा होत गेला. तिसरा ठेवल्यावर तो चक्क हसला.

"झालं," तो म्हणाला. "किती हलकं वाटतंय सांगू."

फ्लॉसीने तिन्ही रकमा वहीत लिहिल्या. खाली रेघ मारली नाही.

"एवढेच?"

"एवढेच. एक लाख तीन हजार. होईल ना गं?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याचे डोळे स्वच्छ होते. आपण खोटं बोलतोय असं त्या डोळ्यांना ठाऊकच नसावं, इतके स्वच्छ.

"म्हात्रे साहेब पाच म्हणाले," ती म्हणाली.

वाऱ्याने वहीचं पान उलटलं. सुमेधने ते सरळ केलं, आणि त्यावर हात ठेवून तसाच बसला.

"ते दोन..." तो म्हणाला. "एक मोटरसायकलचं आहे. आणि एक फायनान्स कंपनीचं कर्ज, पहिल्याच हप्त्याला थकलेलं. मार्चमध्ये घेतलं. साखरपुडा करायचा होता ना, आईंसमोर रिकाम्या हाताने कसा येणार... मी तेवढं सांभाळून घेतलं असतं, तुला कळायच्या आत."

"राजोडीला तू मला शब्द दिला होतास. आणि मार्चमध्ये कर्ज घेतलंस."

"तुझ्यासाठीच घेतलं."

"त्यांना कोणाचा नंबर दिलास? आणखी कोणाचा तरी द्यावा लागतो ना फॉर्ममध्ये?"

त्याने मान खाली घातली. म्हणजे उद्या-परवा फोन इथेच येणार होते, या घरात. ओटीवर पुन्हा कोणीतरी येऊन बसणार होतं, आणि आईच्या हातात आता काढून द्यायला बांगड्याही नव्हत्या.

फ्लॉसीने तिन्ही कागद नीट घडी करून त्याच्या पिशवीत ठेवले.

"मी सांगणार होतो," तो म्हणाला.

"मला माहीत आहे, तू सांगणार होतास," ती म्हणाली. "तू जा आता, सुमेध."

तो गेला तेव्हा आई मागून आली. फ्लॉसीच्या पुढ्यातली वही बघितली, तिचा चेहरा बघितला, आणि अंगणातली सुकेळी गोळा करू लागली.

पावसाळा तसाच गेला. वसुलीचे चार फोन आले; फ्लॉसीने चारही वेळा शांतपणे सांगितलं की त्या माणसाशी माझा संबंध नाही, आणि चारही वेळा फोन ठेवल्यावर ती न्हाणीघरात जाऊन तोंड धुऊन आली. कार्ड तिने चालू ठेवलं. आठ तारखेचा कागद ती आता एकटीच वाचायची, किमान देय रकमेच्या ओळीसकट. नोव्हेंबरात म्हात्रे साहेबांनी सहा लाखांचं कर्ज मंजूर केलं. तिच्या एकटीच्या नावावर. माणिकपूरलाच, पण एकच खोली आणि स्वयंपाकघर, तळमजल्यावर.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी सुमेध वालीवच्या कारखान्याच्या फाटकाशी उभा होता. बारीक झाला होता. मोटरसायकल नव्हती.

"म्हात्रे साहेब भेटले होते," तो म्हणाला. "घर झालं म्हणाले. अभिनंदन."

"थँक्यू."

"मी कऱ्हाडला चाललोय. वडिलांना सांगितलं सगळं. पाचही. त्यांच्या ओळखीने एका गोदामात काम मिळालंय. गाडी विकली, एक कार्ड मिटवलं. तडजोड करून नाही, पूर्ण." त्याने खिशातून कागद काढला आणि पुढे धरला. बँकेचं पत्र होतं. तिने ते शेवटपर्यंत वाचलं. खरं होतं.

"चांगलं केलंस."

"बाकीचीही करेन. तीन वर्षं लागतील." तो थांबला. "फ्लॉसी... तीन वर्षांनी मी आलो तर?"

कंपनीची बस फाटकाबाहेर येऊन उभी राहिली होती. बायका चढत होत्या. ग्रेसीने खिडकीतून हात केला, मग सुमेधला बघून हात आत घेतला.

"नको येऊस," फ्लॉसी म्हणाली.

"तुझं प्रेम नाही राहिलं?"

"आहे ना." तिचा आवाज तिला वाटला होता तितका स्थिर राहिला नाही. "आहे म्हणूनच सांगते. हे पत्र तू मला दिलंस, आणि मी तारीख बघितली, शिक्का बघितला, सही बघितली. तू काहीही बोललास तरी मी आता तेच करणार. तू भाजी आणलीस तरी मी पिशवी तपासणार. मला तसं जगता येणार नाही, आणि तुलाही मी तसं जगवणार नाही. तू फेड सगळं. पण माझ्यासाठी म्हणून नको फेडूस."

सुमेधने पत्र परत घेतलं. घडी घालताना ती वाकडी पडली. त्याने पुन्हा उलगडून घातली.

"आईंना सांग," तो म्हणाला. पण काय सांग, ते म्हणाला नाही.

फ्लॉसी बसमध्ये चढली. ग्रेसीने सरकून जागा दिली. बस निघाली, वालीवच्या धुरकट रस्त्याला लागली, आणि मागच्या सीटवरच्या बायकांनी नाताळाच्या खरेदीच्या गप्पा सुरू केल्या: कुठे मैदा स्वस्त आहे, कोणाच्या मुलीचा फ्रॉक शिवून झाला. मे महिन्यातल्या त्या रविवारपासून फ्लॉसी रडली नव्हती. आता ती रडू लागली, आणि थांबवायचा प्रयत्नही तिने केला नाही. ग्रेसीने तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि वसई येईपर्यंत धरून ठेवला. या वेळी तिने कोपराने ढोसून काही विचारलं नाही.